ट्रॅक्टरला बायपास ऑइल फिल्टर : भोक किती, रिटर्न कुठं, नळी कोणती?

काळीमाती_दारव्हा

३ सिलिंडर, ४५ एचपी, टर्बो नाही. फिल्टर धरून साडेसात लिटर तेल बसते. वर्षाला सहाशे-सातशे तास, त्यातले निम्मे रोटाव्हेटर आणि सोयाबीन-हरभऱ्याच्या थ्रेशरवर, म्हणजे सगळे धुळीतले. वॉरंटी संपली आहे. बायपास ऑइल फिल्टर बसवायचा आहे. तेल कुठून घ्यायचं, परत कुठं सोडायचं, नळी कोणती आणि तेल मोजकंच जावं म्हणून मधात भोक किती मिलिमीटरचं ठेवायचं, हे जाणकारांनी सांगावं. दुकानदार म्हणतो भोकाची गरज नाही, फिल्टरच तेल अडवतो. खरं आहे का?

डिझेल_यवतमाळ

नाही भाऊ, खरं नाही. या एका चुकीनं बेअरिंग जातात.

तेलाची वाट आधी डोळ्यांपुढं आणा. पंपातून निघालेलं तेल मोठ्या फिल्टरमधून मेन गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत जाते आणि तिथून क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमला, रॉकरला वाटलं जाते. बायपास फिल्टर या वाटेवर नसतो. तो कालव्याला फोडलेला पाट समजा. थोडं तेल बाजूला निघते, बारीक गाळलं जाते आणि सरळ संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या तेलाच्या टाकीत पडते. बेअरिंगला त्यातला थेंबही मिळत नाही. म्हणून पाटाचं तोंड लहानच पाहिजे : पंपाच्या तेलाच्या ५ ते १० टक्के, बस्स.

नवा एलिमेंट, म्हणजे डब्यातली बदलायची गाळणी, गरम पातळ तेलाला फारसा अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. ३ बार प्रेशरला १ मिमीच्या भोकातून गरम तेल मिनिटाला पाऊण लिटरच्या वर थोडं जाते. १.५ मिमीतून पावणेदोन लिटरच्या आसपास. ३ मिमी केलं तर सात लिटर! भोक दुप्पट झालं की तेल चौपट जाते. गरम इंजिन आयडलिंगला असताना पंप आधीच कमी तेल देतो, त्यात घिसलेला असेल तर विचारूच नका. तेव्हा एवढं तेल बाजूला गेलं तर गॅलरीत प्रेशरच उरत नाही.

तुमच्या इंजिनाला १ मिमी पुरे. मोठ्या ६ सिलिंडरला १.५. हे हळू आहे असं वाटू देऊ नका. मिनिटाला पाऊण लिटर धरलं तरी साडेसात लिटर तेल दहा मिनिटांत गाळण्यातून गेल्यासारखं होते, तासाला सहा फेऱ्या.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. मोठ्या फिल्टरच्या आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टर तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट असलं की तो उघडतो आणि न गाळलेलं तेल इंजिनाला देतो, कारण कोरडं राहण्यापेक्षा मळकं तेल बरं. त्या व्हॉल्व्हचा आणि आपल्या बायपास फिल्टरचा काही संबंध नाही. नाव सारखं, काम वेगळं.

लेथवाला_अकोला

भोक कुठं ठेवायचं तेही सांगायला पाहिजे. इंजिनाच्या तोंडाशी, जिथून तेल घेता त्या निपलमध्येच (निपल म्हणजे नळी जोडायचा आट्यांचा तुकडा). फिल्टरच्या डब्यावर ठेवलं आणि मधली नळी फाटली, तर पूर्ण नळीभर तेल जमिनीवर जाते. तोंडाशी १ मिमी असेल तर नळी फाटली तरी निम्मं तेल जायला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात लक्ष जाते.

करायला सोपं आहे. निपलच्या आत आटे पाडून त्यात एम-६ चा पितळी ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) बसवायचा, त्याला लेथवर मधोमध १ मिमीचं भोक. हाताच्या ड्रिलनं १ मिमीचा बिट मोडतो आणि भोक वाकडं जाते. दोन्ही तोंडांची धार काढा, हवा मारा. बसवायच्या आधी १ मिमीच्या बिटचा दांडा त्यातून घालून पाहा.

तेल घ्यायची सोपी जागा म्हणजे ऑइल प्रेशर स्विच. तो गॅलरीवरच असतो आणि तिथलं तेल मोठ्या फिल्टरमधून आलेलं असते, त्यामुळे १ मिमीचं भोक सहसा तुंबत नाही. पण आटे ओळखल्याशिवाय काही कसू नका. कुठं एम-१० बाय १ असतो, कुठं एक सूत (पाव इंचाचा निम्मा) बीएसपी, कुठं एक सूत एनपीटी; ही आट्यांची वेगवेगळी मापं आहेत. तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. बीएसपीचे इंचाला २८ आटे, एनपीटीचे २७. चुकीचं निपल दोन-तीन फेरे गोडीनं फिरते, मग जड जाते, आणि माणूस पाना लावून जोर करतो. तिथंच ब्लॉकचे आटे मरतात. स्विच काढून सोबत घेऊन या, आटे गेजवर लावून पाहता येतात.

टेफलॉन टेप लावू नका. याची दोन कारणं. टेपचा तुकडा सुटून त्या १ मिमीच्या भोकात जाऊन बसला की फिल्टर बंद, आणि बाहेरून काही कळत नाही. दुसरं, एक तारेच्या स्विचला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळते. टेप गुंडाळला की अर्थिंग तुटते आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा कायमचा मुका होतो, प्रेशर गेलं तरी लागत नाही. लॉकटाइट ५४२ सारखं द्रव सीलंट लावा, पहिला आटा कोरडा ठेवून. नंतर इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, दिवा लागलाच पाहिजे.

आणि टी-वर लांब टी, त्यावर स्विच, त्यावर नळी अशी उतरंड रचू नका. ३ सिलिंडरचा हादरा पितळी निपलला मुळाशी तोडतो. ब्लॉकवर एकच आखूड स्टीलचा अडॅप्टर, त्यावरच स्विच आणि तिथूनच नळी.

कोळसापट्टा_वणी

माझा मुद्दा सगळ्यांच्या आधीचा आहे. तेलात धूळ जाते कुठून? एअर क्लीनरकडून. मातीतली सिलिका लायनरच्या बिडापेक्षा कडक असते. ती रिंगांवरून घासत खाली उतरते आणि मग तेलात येते. म्हणजे बायपास फिल्टरच्या हाती ती येते तोवर लायनरचं नुकसान होऊन गेलेलं असते.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एक काम करा. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप काढा. पांढरा धुतलेला कपडा बोटाला गुंडाळून पाइपाच्या आतून, मॅनिफोल्डच्या बाजूनं, एक पूर्ण फेरा फिरवा. कपड्यावर नुसता तेलकट डाग आला तर ठीक. भुरकट पिठासारखी रेघ उमटली आणि बोटांत चोळल्यावर करकर लागली, तर गळती आहे. ती बहुतेक वेळा पाइपाच्या क्लॅम्पखाली किंवा पाइपाच्या बाकाला पडलेल्या चिरेत सापडते. चीर हातानं पाइप वाकवल्याशिवाय दिसत नाही.

एअर क्लीनर ऑइल बाथ (तेलाच्या वाटीचा) असेल तर थ्रेशरच्या दिवसांत वाटी रोज उघडा. कुटाराची भुकटी दिवसभरात तळाशी चिखलासारखी बसते. तेल खुणेइतकंच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेते आणि थ्रॉटल बंद करूनही पळत सुटते. ड्राय (कागदी गाळणीचा) असेल तर एलिमेंट टायरवर आपटू नका, हवा आतून बाहेर आणि २ बारच्या आत. आतला छोटा सेफ्टी एलिमेंट धुवायचा-झटकायचा नसतो, बदलायचाच असतो.

हे सगळं नीट असेल तर मगच बायपासला अर्थ आहे.

डिझेल_यवतमाळ

पूर्ण सहमत. मात्र एअर क्लीनर कितीही चांगला असला तरी बारीक कण येतातच, काजळीही इंजिनातच तयार होते. मोठा फिल्टर २० ते ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचंच भरवशानं धरतो. बेअरिंग आणि रिंगेवरचा तेलाचा पापुद्रा मात्र काही मायक्रॉनचाच असतो, आणि घासतात ते त्याच मापाचे कण, ५ ते २० मायक्रॉनचे. तेवढेच मोठ्या फिल्टरमधून आरामात निघून जातात. २-३ मायक्रॉनचा बायपास एलिमेंट त्यांना फेरीफेरीनं कमी करत जातो. फायदा आहे तो इथं.

मोर्शीकर

मले दोन गोष्टी सांगा भाऊ. एक, हा फिल्टर लावला तर तेल काळं पडनं बंद होते का? दुसरं, एलिमेंट महाग पडते. डब्यात घरचा सरकी काढलेला कापूस दाबून भरला तर नाही चालत का? आपल्याकडं कापसाची का कमी हाय?

डिझेल_यवतमाळ

कापूस अजिबात नको भाऊ. कारण ऐका. सुटा कापूस कितीही दाबला तरी तेलाच्या धारेनं त्यात एक बीळ पडते आणि सगळं तेल त्या बिळातूनच जाते, गाळणं शून्य. त्याहून वाईट म्हणजे तंतू तुटून संपमध्ये जातात. ते पंपाच्या जाळीवर गोळा झाले तर अख्ख्या इंजिनाचं तेल थांबते. टिश्यू पेपरचा रोल घालणारे डबेही मिळतात, त्यांचंही तेच दुखणं : रोल सैल बसला की तेल बाजूनं निसटते. घट्ट गुंडाळलेला किंवा थर दाबून केलेला तयार एलिमेंटच घ्या, दोन्ही तोंडांना सील असलेला.

काळेपणाचं म्हणाल तर तो काजळीचा असतो. काजळीचा सुटा कण एका मायक्रॉनच्या कितीतरी खाली, तो कागदातून जातोच. तेलातलं डिटर्जंट तिला तरंगत ठेवते, ते त्याचं कामच आहे. डिझेल इंजिनाचं तेल काही तासांत काळं होणारच, बायपास असो-नसो. काळं म्हणजे खराब नाही, आणि उजळ म्हणजे चांगलं नाही.

काय होणार नाही तेही ध्यानात ठेवा. नोझल टपकून तेलात डिझेल मिसळत असेल तर हा फिल्टर ते वेगळं करत नाही. डिपस्टिकवर लेव्हल आपोआप चढत असेल, तेल पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर आधी नोझल आणि फीड पंप पाहा.

काळीमाती_दारव्हा

समजलं. आता रिटर्नचं सांगा. ड्रेन प्लगच्या जागी रिटर्न जोडा असं एकानं सुचवलं.

लेथवाला_अकोला

ड्रेन प्लगला नको. पऱ्हाटीच्या शेतात खुंटं थेट संपच्या बुडाला लागतात. तिथं निपल बाहेर आलेलं असलं तर एका खुंटानं सगळं तेल खाली. शिवाय दर वेळी तेल बदलताना ती नळी सोडावी लागणार, आणि एलिमेंट काढताना संपचं तेल उलटं डब्यात चढणार. रिटर्न तेलाच्या लेव्हलच्या वरच पाहिजे.

संपला भोक पाडून वेल्डिंग करायच्याही भानगडीत पडू नका. बऱ्याच ट्रॅक्टरांचा संप बिडाचा असतो आणि चेसिसचा भार त्याच्यावर असतो.

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, बरं. आधी कव्हर उतरवून टेबलावर आणा. इंजिनावर असताना भोक पाडलं तर छिलके सरळ कॅमवर जातात, मग किती पुसलं तरी कमीच. पत्र्याचं कव्हर पातळ असते, त्यात आटे पाडून भागत नाही. आरपार निपल घाला, आतून-बाहेरून नट आणि बाहेरच्या बाजूला डाउटी वॉशर (आत रबराची कडी असलेला). जागा निवडताना कणकेचा गोळा कामाला येतो. निपल आत जिथं येणार तिथं खाली रॉकरवर कणीक ठेवा, कव्हर बसवून हातानं इंजिन दोन फेरे फिरवा, उघडून कणकेचा ठसा पाहा. ५ मिमीपेक्षा पातळ दबली असेल तर जागा बदला. नंतर कणीक कणभर न ठेवता काढा.

टर्बोवाल्यांनी टर्बोच्या खालच्या ड्रेन पाइपात रिटर्न कधीही जोडू नये. तो पाइप मोकळाच वाहिला पाहिजे. त्यात तेल अडलं की टर्बोचं सील गळते आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू होतो.

नळी : आत जाणारी दोन सूत, परत येणारी तीन सूत, दोन्ही हायड्रॉलिक आर-१ (आत तारेची जाळी असलेली), टोकं मशीनवर क्रिंप केलेली, म्हणजे दाबून बसवलेली. डिझेलची पारदर्शक नळी किंवा गार्डन पाइप गरम तेलानं फुगून निसटतो. सायलेन्सर-मॅनिफोल्डपासून हातभर दूर. जिथं पत्र्याला घासते तिथं जुन्या नळीची चीर पाडलेली खोळ चढवा.

बोअरगाडी_वरूड

मोठ्या इंजिनांवर ही गोष्ट नवी नाही. कमिन्स एनटी-८५५ इंजिनाला कंपनीचाच बायपास फिल्टर असायचा, फ्लीटगार्ड कंपनीचा एलएफ-७७७ फिल्टर त्याच जागेचा. गाडी घेतल्यावर पाहून घ्या, नळी गळाली म्हणून कुणी प्लग मारून ती वाटच बंद केलेली असते. आपल्याकडं उन्हाळ्यात ४५-४६ अंशांत कंप्रेसर तासन्‌तास फुल लोडवर चालते, अशा इंजिनाला बायपासचा खरा उपयोग. तेल जास्त, तास जास्त.

सेंट्रिफ्यूजबद्दलही (गरगर फिरवून गाळ वेगळा करणारा फिल्टर) कुणी विचारेल म्हणून सांगतो. काजळीला तो कागदापेक्षा चांगला. पण त्याला प्रेशर आणि तेल दोन्ही भरपूर लागते, आणि रिटर्न नुसत्या उतारानं, जाड पाइपातून पडावा लागतो. लहान ट्रॅक्टरला तो झेपत नाही. मोठ्या इंजिनावर असेल तर इंजिन बंद केल्यावर कान द्या, रोटरची घूं-घूं अर्धा मिनिट तरी ऐकू आली पाहिजे. लगेच थांबला तर आत गाळ भरला आहे. तो गाळ रबरासारखा चिकटून असतो, लाकडाच्या पट्टीनं खरवडा, पत्र्यानं नाही.

विहिरीवरच्या जुन्या स्लो-स्पीड इंजिनवाल्यांनी या फंदात पडू नये. ज्यांचं तेल डिपरनं, म्हणजे तेलात बुडणाऱ्या पळीनं उडवलं जाते, त्यांना प्रेशरची गॅलरीच नाही. तेल येणार कुठून?

डिझेल_यवतमाळ

आता बसवून झाल्यावरचं. डबा बूड खाली, तोंड वर असा लावा, म्हणजे इंजिन बंद असताना तो भरलेला राहतो आणि बदलताना तेल अंगावर येत नाही. इंजिन सुरू करायच्या आधी डबा तेलानं भरून घ्या, एक ते दीड लिटर लागते. इंजिनाला जे ग्रेड घालता तेच.

जुळवणीच्या आधी स्विचच्या जागी काट्याचा प्रेशर गेज लावून दोन आकडे लिहा : तेल पूर्ण गरम असताना आयडलिंगला किती, आणि १५०० आरपीएमला किती. फिल्टर जोडल्यावर तेच दोन पुन्हा. वरच्या आरपीएमला बहुधा फरक पडणार नाही, कारण तिथं रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) तसंही जादा तेल सोडत असतो, त्यातलंच आपण घेतो. आयडलिंगला काटा नजरेत भरेल इतका पडला तर भोक मोठं आहे किंवा पंप थकला आहे. दोन्ही बाबतीत तिथंच थांबा.

मग रिटर्नची नळी टॅपेट कव्हरवरून सोडून स्टीलच्या डब्यात धरा, आयडलिंगला, बरोबर एक मिनिट. प्लॅस्टिकची बाटली नको, तेलानं पिचकते. आयडलिंगला प्रेशर कमी असते, म्हणून पाव ते अर्धा लिटर आलं तर बरोबर. तार सुटल्यासारखी बारीक, सलग धार दिसली पाहिजे. थेंब-थेंब असेल तर भोकात काही अडकलं आहे. तेल पुन्हा इंजिनात ओता, नळी जोडा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. नव्या फिल्टरनं ओढलेलं तेल खुणेपर्यंतच भरा.

पुढं रोजची परीक्षा हाताची. वीस मिनिटं काम झाल्यावर डब्याला हात लावा, इंजिनाइतका तापलेला असला पाहिजे. थंड असेल तर तेल फिरत नाही.

काळीमाती_दारव्हा

एलिमेंट किती तासांनी? आणि हे लावल्यावर तेल २५० ऐवजी ४०० तासांवर नेता येईल का? खरा फायदा तर तोच दिसतो.

डिझेल_यवतमाळ

पहिला एलिमेंट ५० ते १०० तासांत बदला, जुन्या इंजिनातला गाळ तो पटकन भरतो. नंतर तेलासोबत, २५० तासांवर. त्याआधीच अचानक तुंबला आणि डबा थंड पडू लागला तर तेलात पाणी शोधा. कागद पाण्यानं फुगतो आणि वाट बंद करतो. हेड गॅस्केट पाझरत असेल तर कधी-कधी दुधाळ तेलाच्या आधी हीच खूण दिसते.

४०० तास? लॅबमध्ये तेल तपासल्याशिवाय नको. फिल्टर कण काढतो, पण संपत आलेलं ॲडिटिव्ह (तेलात मिसळलेली रसायनं) परत आणत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आलं, त्यामुळे तेलावरचा ॲसिडचा भार कमी झाला हे खरं, तरी उष्णता आणि काजळी आहेच. लॅबला पाठवताना नमुना गरम इंजिनाच्या रिटर्न नळीतून नको, ते गाळलेलं असते. डिपस्टिकच्या नळीतून ओढून घ्या, लोह (झिजेसाठी) आणि सिलिकॉन (धुळीसाठी) दोन्ही तपासायला सांगा.

घरी ठिपक्याची परीक्षा होते. गरम तेलाचा एक थेंब डिपस्टिकवरून कॉफीच्या गाळणकागदावर पाडा, कागद खालून कशालाही टेकू न देता वाटीच्या काठावर ठेवा, दुसऱ्या दिवशी पाहा. मधला काळा ठिपका हळूहळू करडा होत बाहेर पसरला असेल तर तेल अजून काजळी धरून आहे. मधे डांबरासारखा काठ असलेला गोळा आणि बाहेर एकदम फिकट कडं असेल तर तेल थकलं, तास कितीही झालेले असोत.

कोळसापट्टा_वणी

म्हणूनच माझं मत : वर्षाला तीनशे तास चालणाऱ्या घरच्या ट्रॅक्टरला हा खर्च निघत नाही, त्यापेक्षा तेल वेळेवर बदला. भाऊंचे सातशे तास आहेत, अर्धे धुळीत. तिथं लावा. हार्वेस्टर, जेसीबी, बोअरगाडी यांना तर लावाच. कंपनीच्या वॉरंटीत असलेल्या आणि नव्या ट्रेम-४ (ट्रॅक्टरच्या धुराचा नवा नियम) इंजिनाला मात्र हात लावू नका. तिथं सायलेन्सरमध्ये धुरातली काजळी धरणारी गाळणी असली तर तेलही कमी राखेचंच लागते.

काळीमाती_दारव्हा

ठरलं. आधी पांढऱ्या कपड्याची परीक्षा, मग स्विच घेऊन अकोल्याला. आणखी काही राहिलं का?

लेथवाला_अकोला

दोन आंधळे प्लग करून घ्या. एक ब्लॉकवरच्या अडॅप्टरच्या मापाचा, एक टॅपेट कव्हरवरच्या निपलच्या मापाचा, सोबत दोन तांब्याचे वॉशर आणि एक १४-१७ चा पाना. शेतात नळी फुटली तर इंजिन ताबडतोब बंद, नळ्या सोडायच्या, दोन्ही तोंडांना प्लग, तेल खुणेपर्यंत भरून काम सुरू. मोठा फिल्टर आपल्या जागी असतोच. हे सगळं कापडात गुंडाळून टूलबॉक्समध्ये तारेनं बांधून ठेवा, सुटं टाकलं तर गरजेच्या वेळी सापडत नाही.